बाजूचे आकडे

“माझ्या हातचं पान आजवर कधी परत आलेलं नाही.”

रिस्ती आपा माझ्या दुकानात पहिल्यांदा आली, त्या दिवशी हे बोलली. त्यात बढाई नव्हती. माणूस आपला रक्तगट सांगतो तसं तिनं ते सांगितलं. मी फक्त विचारलं होतं, की कीबोर्ड कशासाठी हवाय.

कारागांदाच्या जुन्या बाजाराच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर माझं दुकान आहे. कीबोर्ड, माऊस, हेडफोन, वायरी. शेजारी छापखाना. मध्ये प्लायवूडची भिंत. तिकडे मशीन सुरू झालं की माझ्या कपाटातल्या काचा थरथरतात, आणि तिकडचं बोलणं मला ऐकायचं नसलं तरी ऐकू येतं. त्यामुळे रिस्ती आपाचा आवाज मला तिच्या चेहऱ्याच्या आधीपासून माहीत होता. ती फार बोलायची नाही. बोटांचा आवाज मात्र यायचा. छापखान्यातल्या त्या पांढऱ्या रबरी कीबोर्डवर ती अशी टाइप करायची, जशी कुणी पाट्यावर काहीतरी ठेचतंय.

तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. विसाव्या वर्षी कोर्टात टंकलेखिका म्हणून लागली, सत्तावीस वर्षं तिथे काढली. लोखंडी टाइपरायटरवर तिचा हात तयार झाला होता, आणि तो हात मग कधी हलका झाला नाही. जबान्या, निकाल, घटस्फोट, चोरीला गेलेल्या मेंढ्या. कोर्टात चुकलेलं पान परत यायचं, वर लाल पेन्सिलीनं खूण करून, आणि ते सगळ्यांच्या देखत टेबलावर ठेवलं जायचं. तिच्या टेबलावर ते कधी ठेवलं गेलं नाही. कोर्ट सोडल्यावर ती छापखान्यात आली, आणि म्हाताऱ्यांच्या वह्या टाइप करायला लागली.

आम्हा कझाख लोकांत सात पिढ्यांची नावं सांगता न येणाऱ्या माणसाला लाज वाटते. म्हातारपणी एखाद्याला वेळ मिळाला, की तो वही आणतो आणि सातव्याच्या मागे चालायला लागतो. आजोबा, पणजोबा, कोण कुठल्या नदीकाठी मेला, कुणाचे मुलगे किती. याला शेझिरे म्हणतात. वही भरली की मुलं तिचं पुस्तक छापून घेतात आणि कुठल्यातरी मोठ्या जेवणात पाहुण्यांना वाटतात. त्या पुस्तकात नावं आणि सालं सोडून फारसं काही नसतं. साल चुकलं, तर बाप मुलाच्या नंतर जन्मतो आणि सगळं जेवण त्यावर हसतं. म्हणून म्हातारे विचारत यायचे, “ती आहे का? जिचं पान परत येत नाही ती?”

छापखान्यात संगणक एकच, आणि तो दिवसभर लग्नाच्या पत्रिकांना लागायचा. म्हणून आपा वह्या घरी न्यायची, सकाळी घरी टाइप करायची आणि दुपारनंतर येऊन पानं लावायची. घरचा संगणक सासूच्या शिवणयंत्राच्या टेबलावर होता. यंत्र काढून टाकलं होतं, पायाखालची पट्टी तशीच होती. टाइप करताना ती हलवते, असं तिनंच मला सांगितलं. पायांना काहीतरी हवं म्हणे.

त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. तिच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. दवाखान्यातल्या बाईनं विचारलं की काम काय करता, आणि ऐकून म्हणाली, टाइप करणं थांबवा नाहीतर टाइप करायचं हत्यार बदला. रबरी बटण तळाला टेकेपर्यंत दाबावं लागतं आणि आपा तर तळाच्याही खाली दाबायची. पाच-सहा महिन्यांत तिचा एक कीबोर्ड मरायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळ. तिची मुलगी झानार लग्न होऊन आक्ताउला गेली होती, समुद्रावर, इथून रेल्वेनं दोन दिवस लांब. फोनवर मायलेकींचं बोलणं पाच मिनिटांत संपायचं. काय जेवलात, बाळ झोपलं का, थंडी किती. मग दोघी गप्प बसायच्या आणि कुणीतरी म्हणायचं, बरं, ठेवते. झानार पाच जणांच्या टोळीतून गोळीबाराचा एक खेळ खेळायची. टोळीतलं एक जण कमी झालं तेव्हा तिनं आईला बसवलं. आपाला नेम जमत नव्हता. मग तिला मागे राहायचं काम दिलं, जखमी झालेल्यांना पट्ट्या बांधायच्या आणि धूर सोडायचा. रोज दुपारी चार वाजता, आपा छापखान्यातून घरी परतल्यावर आणि तिकडे बाळ झोपलेलं असताना, दोघी तासभर खेळायच्या. आणि खेळता खेळता बोलायच्या. भिंतीआड लपलेलं असताना झानारनं एकदा सांगितलं, की तिला पुन्हा दिवस गेलेत. फोनवर ते तिला तीन आठवडे सांगता आलं नव्हतं.

हे सगळं मला आपानं त्या पहिल्या दिवशी सांगितलं नाही. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, “टाइप करायला हवा आणि खेळायला हवा. टेबल साडेतीन वीत आहे. वही टेकवायची घोडी टेबलावर कायम असते, ती अर्धी वीत धर.”

मी तिच्यासमोर चार कीबोर्ड मांडले. सगळे खटके असलेले, प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी नेहमी सांगतो तेच सांगितलं. लाल खटका हलका आणि मुका, खेळणारे तो घेतात. तपकिरी मधला, बोटाला जरा अडथळा लागतो. निळा वाजतो, आणि अक्षर उमटलं की बोटाला कळतं, तळापर्यंत जावं लागत नाही.

तिनं लालवर हात ठेवला आणि पडद्यावर सात-आठ अक्षरं आपोआप पडली.

“याला धीर नाही,” ती म्हणाली.

तपकिरी तिनं नुसता बाजूला सरकवला. निळ्यावर आली तेव्हा तिनं मला पडदा बंद करायला सांगितलं. तिला ऐकायचं होतं. मग खिडकीकडे बघत तिनं पाच मिनिटं टाइप केलं. काय केलं ते मला ठाऊक नाही. कुठलीतरी जुनी जबानी असावी. पलीकडच्या दुकानातला मोबाईलवाला उठून बघायला आला. मी इतकी वर्षं कीबोर्ड विकतोय, पण त्यांच्यावर कुणी असं टाइप करताना पाहिलं नव्हतं. बहुतेक लोक ‘अ ब क ड’ दाबून बघतात आणि घेतात.

निळा ठरला. आता लांबी. लांब कीबोर्ड, उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौकोन असलेला, सव्वादोन वीत भरला. तिनं माझ्या काउंटरवर बोटं पसरून मोजलं. घोडी धरली तर माऊसला पाऊण वीत उरत होती. तेवढ्यात माऊस फिरत नाही. मी आखूड पुढे केला, आकड्यांचा चौकोन नसलेला. दीड वीत. खेळणाऱ्यांपैकी दहातले सात जण तो नेतात, मी म्हणालो, त्या चौकोनाचं कुणाला काय काम?

“आणि आकडे?” तिनं विचारलं.

“हे काय वर, आपा. सगळे दहा.”

मी पडदा लावला, तिचाच खेळ उघडला. तिनं वरच्या ओळीतलं दोन दाबलं, पट्टी हातात आली. चार दाबलं, धूर सुटला. तिनं मान हलवली. मग विचारलं, यावर कझाख आहे का, एकदा कझाखमध्ये बघते. माझ्या दुकानातल्या संगणकावर रशियन आणि इंग्रजी होतं. मी म्हणालो, तसंच चालतं आपा, भाषा बदलली म्हणून कीबोर्ड बदलत नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं नाव एल्दोस आहे. माझ्या सात पिढ्या मला येतात. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

यानंतर सुमारे तीन आठवडे मला भिंतीपलीकडून तिचा रबरी कीबोर्ड ऐकू येत होता, पण पूर्वीपेक्षा जास्त वेळ, आणि एका वेगळ्याच तालात. खट-खट-खट-खट. थांबणं. पुन्हा चार. मी फारसं लक्ष दिलं नाही. एका दुपारी ती बशीत बाऊर्साक घेऊन आली, पिठाचे तळलेले गोळे, अजून गरम. काउंटरवर ठेवले आणि विचारलं, “तू कझाखमध्ये कधी काही टाइप केलंयस का रे?”

मी म्हणालो, फोनवर करतो की. आईला. सणाच्या शुभेच्छा.

“फोनवर नाही. यावर.”

मी नाही म्हणालो. खरंच नव्हतं केलं. मी रशियन शाळेत शिकलो, बिलं रशियनमध्ये करतो, मालाची यादी रशियनमध्ये. घरी कझाख बोलतो, पण बोलण्याला बटणं लागत नाहीत.

तेव्हा तिनं मला समजावलं, आणि मी ते चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं. आमच्या भाषेत नऊ अक्षरं अशी आहेत जी रशियनमध्ये नाहीत. कीबोर्ड रशियन अक्षरांनी आधीच भरलेला, म्हणून ही नऊ वर आकड्यांच्या ओळीत बसवली. आकडे तिथून उठले आणि उजवीकडच्या चौकोनात गेले. कझाख लिहिणारा माणूस आकडे तिथूनच काढतो. मी तिला तो चौकोन कापलेला कीबोर्ड विकला होता. खेळात वर आकडे होते, कारण खेळ इंग्रजीत चालतो. कझाखमध्ये आल्यावर त्याच दोनवर एक स्वर होता, चारवर नाकातला एक उच्चार. एकोणीसशे बत्तीस लिहायला गेलं की अवतरणचिन्ह आणि तीन अक्षरं.

“भाषा बदलून आकडा लिहायचा आणि परत यायचं,” मी म्हणालो. “दोन बटणं एकदम दाबली की होतं.”

“एका वहीत अकराशे सालं असतात. दोन दिवस केलं तसं. परत यायला विसरते आणि माणसांच्या नावात आकडे पडतात. एकाचं नाव शून्यापासून सुरू झालं.” ती बाऊर्साक मोडून खात होती. “तू कझाखच आहेस ना रे?”

“आहे. शाळा रशियन होती.”

“माझ्या सासूचं शिवणयंत्र जर्मन होतं. तरी आपला चापान, लांब डगला, शिवायचंच ना.”

मी हसलो, पण मला बरं वाटलं नाही. मी लगेच म्हणालो, आणून द्या, लांबवाला देतो, वर काही नको. ती नको म्हणाली. मला वाटलं माझी भीड पडली. पण कारण वेगळं होतं, आणि तिनं ते जरा ओशाळून सांगितलं. या कीबोर्डनं बोट दुखायचं थांबलं होतं. आवाज तिला आवडत होता. झानारला हेडफोनमधून तो ऐकू यायचा आणि ती विचारायची, “आई, घरात घोडे सोडलेत का?” नवऱ्यानं स्वयंपाकघराला दार बसवून घेतलं होतं. आणि माऊसला जागा मिळाल्यापासून खेळात आपा लवकर मरत नव्हती. आधी ती पहिल्या पाच मिनिटांतच मरायची, आणि मेल्यावर झानार खेळण्यात गुंतायची, बोलणं थांबायचं. आता ती शेवटपर्यंत टिकायची. म्हणजे तासभर.

मग आकड्यांचं काय करता, मी विचारलं.

तिनं तोड काढली होती. घरी टाइप करताना साल आलं की ती तिथे एक फुली ठेवायची. दुपारी छापखान्यात आल्यावर, पत्रिका संपल्या की, लांब रबरी कीबोर्डवर एकेक फुली शोधून वहीत बघून साल भरायची. तेच मी भिंतीतून ऐकत होतो. चार खटके, थांबणं, चार खटके. उरलेल्या फुल्यांचा आकडा शून्य झाला की वही संपली.

“दुप्पट काम,” मी म्हणालो.

“पण परत येणार नाही,” ती म्हणाली, आणि रिकामी बशी घेऊन गेली.

काब्देन अक्सकालची वही याच हिवाळ्यात आली. अक्सकाल म्हणजे पांढरी दाढी, वडीलधाऱ्याला असंच म्हणतात, पण याची दाढी रोज घोटलेली असायची. पंचाहत्तर वर्षांचा, खाणीतला जुना सर्वेक्षक. थोरल्या भावाला जाऊन मार्चमध्ये वर्ष होणार होतं. वर्षाच्या जेवणाला पुस्तक वाटायचं होतं, त्यामुळे तारीख हलणार नव्हती. वहीतलं अक्षर नकाशावरच्या नावांसारखं, सरळ आणि बारीक.

त्या वहीत एक मुलगी होती. शेझिरेत मुली नसतात. मुलगी दुसऱ्या घरी जाते, तिची मुलं दुसऱ्याच्या वहीत येतात. काब्देननं त्याच्या वडलांच्या धाकट्या बहिणीचं नाव घातलं होतं. बोपेश. अख्ख्या वहीत तेवढी एकच. आपानं हे मला मुद्दाम येऊन सांगितलं होतं, की असं मी कधी टाइप केलेलं नाही. बत्तीसच्या भुकेच्या वर्षी ती सगळी माणसं चालत रेल्वेच्या कामाकडे निघाली होती, कारण तिथे पातळ लापशी मिळते असं कळलं होतं. काब्देनचे वडील चौदा वर्षांचे, बोपेश सहा. एका थांब्यावर वडलांनी तिला रांगेतल्या एका बाईजवळ बसवलं आणि पाणी बघायला गेले. परत आले तेव्हा रांग पुढे गेली होती आणि बोपेश कुठेच नव्हती. वहीत तिच्यापुढे लिहिलं होतं, १९२६ ते १९३२.

पुस्तकाच्या दोनशे प्रती निघाल्या. दीडशे काब्देन घेऊन गेला, पन्नास छापखान्यात राहिल्या. जेवण शनिवारी झालं. मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला आपा माझ्या दुकानात आली. हातात निळ्या खटक्यांचा तो आखूड कीबोर्ड, मूळच्या खोक्यात, वायर गुंडाळलेली. पावती वर चिकटवलेली. दुसऱ्या हातात पुस्तक.

“लांब दे,” ती म्हणाली.

मी कपाटातून काढला. दोन्ही काउंटरवर शेजारी ठेवले. तिनं पुस्तक उघडून माझ्यापुढे केलं. सकाळी चहा पिताना सहज एक प्रत चाळली होती, ती म्हणाली. पान एकशे चौदा. बोपेश, १९२६, आडवी रेघ, आणि पुढे काही नाही.

माझ्या डोळ्याला ते चूक म्हणून दिसलंच नाही. त्या पुस्तकात जिवंत माणसांपुढे असंच होतं. जन्माचं साल, रेघ, मोकळी जागा.

“फुली राहिली,” मी म्हणालो.

“फुली राहिली असती तर सापडली असती. फुली टाकलीच नाही.” ती स्टुलावर बसली. “त्या दिवशी छापखान्यात आलेच नव्हते, दुपारीही घरीच टाइप करत होते. पहिल्या सालाची टाकली. रेघ ओढली. तेवढ्यात चार वाजले, झानारची हाक आली. टोळी थांबली होती. मी उठले, वही मिटली, माऊस घेतला. दुसऱ्या दिवशी पुढच्या ओळीपासून बसले.”

मी म्हणालो की हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. एवढ्या नावांत एक. ती उत्तर देणार तेवढ्यात भिंतीपलीकडून काब्देनचा आवाज आला. तो छापखान्याच्या मालकाला विचारत होता, रिस्ती कुठंय, मला तिला एक पान दाखवायचंय.

मी आपाकडे पाहिलं नाही. मालकानं त्याला शेजारी पाठवलं. तो आत आला, टोपी काढली, मला सलाम केला, घरच्यांची चौकशी केली, माझ्या वडलांचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. मी चहा ओतला. तो दुसऱ्या स्टुलावर बसला आणि पुस्तक काढलं. पान दुमडून ठेवलं होतं. बोट रेघेच्या पुढच्या मोकळ्या जागेवर ठेवलं.

“ही जागा,” तो म्हणाला.

“माझी चूक आहे,” आपा म्हणाली. ती उभी राहिली होती, कोर्टात उभं राहतात तशी, आणि खिशातलं काळं पेन तिनं काउंटरवर काढून ठेवलं होतं. “वहीत साल आहे, मी पाहिलं. छापखान्यात पन्नास प्रती आहेत, त्यात आज हातानं लिहिते. काळ्या शाईत, छापल्यासारखं. दीडशे कुणाकुणाला गेल्या त्यांची नावं द्या. मी घरोघर जाऊन लिहीन.”

“बस, लेकी.”

ती बसली नाही. मग त्यानं जेवणात काय झालं ते सांगितलं. घाई न करता, चहा थंड होऊ देत. त्याची थोरली बहीण कुल्पाश, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, डोळ्यांनी दिसत नाही. तिनं सुनेला पुस्तक वाचायला लावलं, सगळं, पहिल्या पानापासून. सून नाव आणि सालं वाचत गेली. बोपेशपाशी आली, जन्माचं साल वाचलं आणि पुढच्या नावावर गेली. कुल्पाश म्हणाली, पुन्हा वाच. सुनेनं पुन्हा वाचलं. म्हणाली, पुढे काही लिहिलेलं नाही, आजी. कुल्पाशनं दोन घास खाल्ले. मग सुनेला म्हणाली, हिवाळ्याच्या मांसातला एक वाटा काढून ठेव, तिचा सिबागा.

सिबागा आम्ही त्या नातेवाइकासाठी ठेवतो जो अजून यायचा आहे. हिवाळ्यात घोडा कापला की लांबच्यांचा वाटा मीठ लावून बाजूला टांगतात, आणि तो माणूस वसंतात आला तरी त्याला मिळतो. मेलेल्या माणसाचा सिबागा कुणी ठेवत नाही.

“कापडात बांधून टांगलाय,” काब्देन म्हणाला. “मी बघून आलो. पोरंसोरं हसतात, तिनं त्यांना काठी दाखवली.”

 तिकडे मशीन सुरू झालं, काचा थरथरल्या.

“बत्तीस मी लिहिलं होतं,” तो म्हणाला. “वडलांनी कधी सांगितलं नाही. ते शेवटपर्यंत एवढंच म्हणायचे, की बाईनं निळा रुमाल बांधला होता. साल मी घातलं. सर्वेक्षक माणूस, मला मोकळा रकाना बघवत नाही. सहा वर्षांचं पोर, ते वर्ष, दुसरं काय लिहिणार. पान बदलू नकोस, रिस्ती. छापखान्यातल्या पन्नासांनाही हात लावू नकोस.”

“वहीत होतं ते पानावर यायला हवं होतं,” आपा म्हणाली.

“वही चुकली होती.”

“ते तुम्ही ठरवायचं होतं. मी नाही.” तिचा आवाज चढला नव्हता. “मी विचार करून मोकळं सोडलेलं नाही, अक्सकाल. मी त्या वेळी खेळायला उठले होते.”

काब्देनला कळलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याला खेळाबद्दल सांगितलं, मुलीबद्दल, आक्ताउबद्दल, थोडक्यात. तो ऐकत राहिला. मग त्यानं तिला विचारलं, “तिथे तू काय करतेस?”

“पट्ट्या बांधते.”

काब्देननं पुस्तक मिटलं, कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि तिनं काउंटरवर काढून ठेवलेलं काळं पेन उचलून माझ्या पेल्यात ठेवलं, दुकानाच्या बाकीच्या पेनांबरोबर. चहाचा दुसरा पेला मागितला. त्याच्या लेखी काम झालं होतं.

तिच्या लेखी झालं नव्हतं, हे मला दिसत होतं. लाल पेन्सिलीची खूण असती तर तिला ती पुसता आली असती. आता पान परत आलं होतं, आणि दुरुस्त करायला तिच्या हातात कुणी देत नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. म्हणालो, आपा, लांबवाला टेबलावर सरळ ठेवू नका. तिरका ठेवा, डावं टोक वर, उजवं तुमच्या पोटाकडे. चौकोन कडेच्या बाहेर लोंबकळला तरी चालतो. चांगले खेळणारे तसाच ठेवतात. माऊसला जागा होते. टाइप करताना सरळ करायचा, खेळताना फिरवायचा.

हे मला पहिल्या दिवशीही माहीत होतं. तेव्हा मी सांगितलं नव्हतं, कारण आखूड विकायची मला सवय झाली होती.

तिनं ऐकलं की नाही, ठाऊक नाही. तिनं लांब कीबोर्ड जवळ ओढला. तो कशालाच जोडलेला नव्हता, वायर अजून तारेत बांधलेली होती. उजवा हात चौकोनावर ठेवला आणि न बघता चार बटणं दाबली. एक, नऊ, तीन, दोन. निळा खटका प्रत्येक वेळी स्वच्छ वाजला. काब्देननं पेला खाली ठेवला. त्याला आकडे दिसले नसतील, पण चार खटके त्यानं मोजले असावेत.

मी आखूडचं खोकं माझ्याकडे सरकवलं. त्यातल्या चार नंबरच्या बटणावर नखानं घासून घासून चकाकी आली होती. तिथून ती धूर सोडायची.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते; आक्ताउत बाळ झोपत असेल. आपानं लांब कीबोर्ड खोक्यात घातला, झाकण लावलं, खोकं काखेत धरलं. कोटाची बटणं खालून वर लावली, शाल बांधली, काब्देनला मान लववली. मग छापखान्याच्या दाराकडे न वळता ती सरळ जिन्याकडे चालू लागली, आणि उतरून गेली.